कृपा, ईश्वरी (ख्रिस्ती)

मानवाची पात्रता, पुण्यसंचय वा प्रयत्न यांच्या मोबदल्यात नव्हे, तर केवळ स्वतःच्या प्रेमामुळे परमेश्वर त्याला जी क्षमा, जो स्वीकार व जे सामर्थ्य देतो, त्यास ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘कृपा’ म्हणतात. मनुष्याने निश्चय करून सदाचारी व्हावे आणि त्या सदाचाराच्या बळावर ईश्वरासमोर उभे राहावे, हा मार्ग अखेरपर्यंत पोहोचत नाही. कारण ज्या इच्छाशक्तीवर तो निश्चय उभारलेला असतो, ती इच्छाशक्तीच दुभंगलेली असते, असे या सिद्धांताचे निदान आहे. म्हणून ख्रिस्ती धर्मजीवनाचा आरंभ मानवी संकल्पाने नव्हे, तर ईश्वरी देणगीने होतो. मात्र या देणगीनंतर मानवी प्रयत्नाला काही स्थान उरते काय आणि उरत असल्यास कोणते, या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांत सोळा शतके वाद चालत आला आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्रीपुरुषांच्या जीवनात व लेखनातही या प्रश्नाचे ठळक पडसाद उमटले आहेत.

शब्द व अर्थ : बायबलच्या जुन्या करारात या अर्थाचे दोन हिब्रू शब्द प्रामुख्याने येतात. ‘हेन’ म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठावर केलेली प्रसन्न दृष्टी आणि ‘हेसेद’ म्हणजे करार पाळणारे, न ढळणारे प्रेम. नव्या करारात ग्रीक ‘खारिस’ हा शब्द योजलेला आहे. सौंदर्य, प्रसन्नता, देणगी व देणगीबद्दलची कृतज्ञता अशा त्याच्या अर्थच्छटा आहेत. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘ग्रातिआ’ हा शब्द रूढ झाला. विनामूल्य या अर्थाचा ‘ग्रातिस’ हा लॅटिन शब्द त्याच्याच कुळातला होय.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘कृपा’ हा शब्द स्थिरावला. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती परंपरेत त्याचेच ‘कुर्पा’ असे रूप आढळते. मराठी भाषकाच्या मनात या शब्दाभोवती गुरुकृपा, अनुग्रह, प्रसाद यांसारख्या कल्पनांचे वलय अगोदरच होते. त्यामुळे हा सिद्धांत समजण्यास साहाय्य झाले, तसा काही घोटाळाही संभवला. व्यवहारात कृपा म्हणजे वरिष्ठाची मर्जी. ती लहरी असते, खुशामतीने मिळते आणि अप्रसन्नतेने जाते. ख्रिस्ती अर्थाने कृपा म्हणजे मर्जी नव्हे, कारण ती मिळविता येत नाही आणि म्हणून दुसऱ्याला मागे सारून ती बळकावताही येत नाही. दया व क्षमा या तिच्या बाजू आहेत, पण ती त्यांच्याहून व्यापक आहे. क्षमेने मागचा दोष फिटतो. कृपा पुढचे जीवन जगण्याचे बळही देते.

बायबलमधील आधार : इस्राएल लोकांची निवड त्यांच्या संख्येमुळे वा थोरवीमुळे झाली नाही, ते सर्व राष्ट्रांत अल्पसंख्यच होते, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील याकोबाची कथा याहून बोलकी आहे. वडील भाऊ एसाव याला फसवून त्याचा आशीर्वाद लाटणारा याकोब घर सोडून पळतो. वाटेत रात्री उशाशी धोंडा घेऊन उघड्यावर निजतो आणि स्वप्नात पृथ्वीवरून स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहतो. ईश्वर त्याला दोषाबद्दल शिक्षा सांगत नाही, तर सोबतीचे वचन देतो. जागा झाल्यावर याकोब त्या ठिकाणाला ‘बेथेल’ म्हणजे ईश्वराचे घर असे नाव देतो. वचन मिळण्यापूर्वी त्याच्या हातून कोणतेही पुण्यकृत्य घडलेले नाही, हे या कथेचे मर्म होय.

येशू ख्रिस्ताच्या दृष्टांतांत हाच विचार येतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांतात सकाळपासून राबणाऱ्याला आणि दिवस मावळण्याच्या सुमारास कामावर आलेल्याला मालक सारखेच एक दीनार देतो. सकाळच्या मजुरांची कुरकुर हिशेबाच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु मालकाचे औदार्य हिशेबाने चालत नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात परत निघालेला मुलगा मनाशी एक भाषण जुळवून ठेवतो : मला पुत्र म्हणू नका, चाकरीला ठेवा. म्हणजे तो आपले स्थान कष्टाने परत मिळवू पाहतो. बाप त्याला दुरून पाहताच धावत जाऊन गळ्यात पडतो आणि चाकरीचा प्रस्ताव त्याला पुरता मांडूही देत नाही. याच कथेतील थोरला भाऊ आज्ञाधारक असूनही मेजवानीच्या दाराबाहेर रुसून उभा राहतो. आपल्या आज्ञाधारकपणाची मजुरी मागणारा मनुष्यही कृपेपासून दूर राहू शकतो, असे त्यातून सूचित होते.

या विचाराला सिद्धांताचे रूप सेंट पॉलने (संत पौल) दिले. मूळचा तो कडवा धर्मनिष्ठ परुशी आणि ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा. अशा स्थितीत झालेल्या परिवर्तनामुळे ‘अपात्राला मिळालेली देणगी’ हा त्याच्या विचाराचा गाभा बनला. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मनुष्य नियमशास्त्र पाळून नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, असे त्याने प्रतिपादिले. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील आत्मपरीक्षण विशेष प्रसिद्ध आहे. जे चांगले म्हणून करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडते, असा अनुभव तेथे वर्णिला आहे. येथे अज्ञान नाही आणि इच्छेचा अभावही नाही. उणीव आहे ती इच्छा अमलात आणण्याच्या सामर्थ्याची. तथापि पौलाने प्रयत्न त्याज्य ठरविलेला नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो वाचकांना आपले तारण भीत व कापत साधून घेण्यास सांगतो आणि लगेच त्याचे कारण देतो, की इच्छा करणे व कृती करणे ही दोन्ही त्यांच्या ठायी ईश्वरच घडवीत असतो. याकोबाच्या पत्रात कर्मावाचून विश्वास निर्जीव होय, असे बजावले आहे. पुढील सर्व वादाची बीजे या वचनांत आहेत.

ऐतिहासिक विकास : पहिला मोठा संघर्ष पाचव्या शतकाच्या आरंभी सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) आणि ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी पेलेजियस यांच्यात झाला. पेलेजियस हा सैल आचरणाचा पुरस्कर्ता नव्हता; उलट रोममधील ख्रिस्ती लोकांची शिथिलता पाहून तो व्यथित झाला होता. ईश्वराने आज्ञा दिल्या, त्याअर्थी त्या पाळण्याची शक्तीही मनुष्यात आहे, असे त्याचे म्हणणे होते. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात ऑगस्टीनने ईश्वराला अशी विनवणी केली होती, की तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे. या विनवणीने पेलेजियसला धक्का बसला. तीत त्याला आळसाला निमित्त दिसले. ऑगस्टीनचा अनुभव निराळा होता. मनाने हाताला हलण्याची आज्ञा करताच हात हलतो, पण मनाने मनालाच आज्ञा केली तर ते ऐकत नाही, या विरोधाचे त्याने सूक्ष्म विश्लेषण केले. त्याच्या मते इच्छा नष्ट झालेली नाही. ती स्वतःविरुद्ध विभागलेली आहे आणि कृपा तिला दडपीत नाही, तर मुक्त करते. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलेजियसची मते अमान्य केली. श्रद्धेचा पहिला अंकुर तरी मनुष्याच्या स्वतःच्या बळाने फुटतो, या मध्यममार्गी मताचा निषेध ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मपरिषदेने केला. मात्र काहींना ईश्वरच पापासाठी नेमतो, हे मतही तिने धिक्कारले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चने कृपा व मानवी इच्छा यांच्या सहकार्यावर भर दिला आणि पश्चिमेतील हा वाद तेथे त्या स्वरूपात उद्‌भवला नाही.

मध्ययुगात सेंट टॉमस अक्वायनस (१२२५–७४) याने कृपा निसर्गाला मोडीत काढीत नसून पूर्णत्वास नेते, हे सूत्र मांडले. बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन इ. साक्रामेंते ही कृपेची साधने होत, ही कॅथलिक शिकवणही याच काळात सुव्यवस्थित झाली. पुढे दानधर्म, यात्रा व दंडमाफीची पत्रे यांतून पुण्याचा हिशेब मांडण्याची प्रवृत्ती लोकाचारात बळावली. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा मठात कठोर व्रताचरण करीत असता, कितीही केले तरी पुरे झाले असे कधी म्हणावे, या प्रश्नाने पछाडला होता. पौलाच्या पत्रांच्या अभ्यासातून त्याला उत्तर सापडले, की नीतिमत्त्व ईश्वर मागतो त्यापूर्वी तो ते देतो. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला, तेव्हा ल्यूथरने १५२५ मध्ये इच्छेच्या बद्धतेवर ग्रंथ लिहून त्यास उत्तर दिले. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने कृपा सर्वस्वी ईश्वराच्या निवडीवर अवलंबून असल्याचे मानून पूर्वनियोजनाचा सिद्धांत मांडला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका निश्चित केली. कृपेवाचून केवळ स्वकर्मांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो, हे मत तिने त्याज्य ठरविले. पण कृपेने जागृत झालेली इच्छा तिच्याशी सहकार्य करते, असेही सांगितले.

दोन्ही पंथांत अंतर्गत वाद झालेच. कॅथलिकांतील जेझुइट व डोमिनिकन संघांचा कृपा व स्वातंत्र्य यांविषयीचा वाद पोपच्या दरबारी १५९८ ते १६०७ पर्यंत चालला आणि अखेर पाचव्या पॉल या पोपने कोणत्याही बाजूने निर्णय न देता तो थांबविला. प्रॉटेस्टंटांत आर्मिनियसच्या (१५६०–१६०९) अनुयायांनी कॅल्व्हिनच्या मतास आव्हान दिले. त्यांची मते डॉर्ट येथील परिषदेने (१६१८–१९) फेटाळली. पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने मनुष्याने होकार देण्याच्या आधीच कृपा त्याच्या ठायी कार्य करू लागते व ती सर्वांना उपलब्ध आहे, असे शिकविले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ख येथे कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी एक संयुक्त घोषणापत्र स्वीकारले. मनुष्य कृपेनेच स्वीकारला जातो आणि सत्कर्मे हे त्या स्वीकाराचे फळ होय, यावर त्यांत मतैक्य नमूद झाले. जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही २००६ मध्ये त्यास मान्यता दिली.

महाराष्ट्रातील आविष्कार : मराठीत ख्रिस्ती सिद्धांतांची काव्यमय मांडणी प्रथम इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी केली. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. यूरोपात कृपेविषयीचे वाद तापलेले असताना स्टीफन्स यांनी वादग्रंथ न लिहिता पुराणकथनाची पद्धती स्वीकारली, ही बाब लक्षणीय आहे. पुराण ऐकणाऱ्याला तर्काने जिंकावयाचे नसते. ईश्वराने काय केले ते त्याला सांगावयाचे असते. कृपेच्या सिद्धांताला ही पद्धती स्वभावतःच अनुकूल आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर प्रॉटेस्टंट परंपरा महाराष्ट्रात आल्या. मुंबई, पुणे व जालना येथील स्कॉटिश मिशन कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रेसबिटेरियन, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशन प्रामुख्याने काँग्रिगेशनल, तर इतर काही मिशने अँग्लिकन व मेथडिस्ट होती. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात यांपैकी अनेक परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. यूरोपात ज्या भेदांवरून परिषदा भरल्या व फुटी पडल्या, ते भेद येथे एकाच चर्चमध्ये सामावले गेले.

मराठवाड्यातील जालना हे तेव्हा निजामाच्या राज्यातील इंग्रजी छावणीचे गाव होते. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री (मृ. १८९१) या ब्राह्मण कुळातील धर्मोपदेशकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कार्य आरंभिले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत वसविली आणि तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. वर सांगितलेल्या याकोबाच्या कथेतील हे नाव या वसाहतीस अन्वर्थक ठरले. तेथे आलेल्यांत त्या काळी अस्पृश्य लेखलेल्या मांग व महार समाजांतील लोक बहुसंख्य होते. जन्म, शुद्धी, अधिकार यांची पायरी चढल्यावाचून देवळाच्या दारात उभे राहण्यासही ज्यांना मज्जाव होता, त्यांना ‘पात्रतेवाचून स्वीकार’ हा विचार तात्त्विक वादाचा विषय नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो माणूस म्हणून उभे राहण्याचा प्रश्न होता. शेती, कारागिरी व शिक्षण यांची जोड मिळाल्यामुळे बेथेलमध्ये त्या विचाराला वसाहतीचे दृश्य रूप आले. तथापि जातिभेदाच्या खुणा ख्रिस्ती मंडळ्यांतून सर्वस्वी पुसल्या गेल्या नाहीत, ही वस्तुस्थितीही नमूद करणे आवश्यक आहे. कृपेचा सिद्धांत मान्य करणे आणि तिच्यासारखे वागणे यांतील अंतर येथेही दिसून येते.

कृपा व स्वप्रयत्न यांतील संघर्ष वैयक्तिक पातळीवर सर्वांत स्पष्टपणे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात दिसतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रेत गेले. व्रते, उपवास, तीर्थस्नाने व पुराणकथन यांत कुटुंबाने आयुष्य व द्रव्य वेचले आणि दुष्काळात आईवडील निवर्तले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे, की त्यावेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनंतर, १८९१ च्या सुमारास सापडला. मधल्या काळात त्यांनी नव्या धर्माचे आचार व सिद्धांत आत्मसात केले, पण मनाला स्वस्थता नव्हती. विल्यम हॅस्लाम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचनात आले. धर्मोपदेशक असूनही आपले परिवर्तन झालेले नाही, हे हॅस्लामला उशिरा उमगले होते. स्वतःची स्थितीही तशीच आहे, हे रमाबाईंच्या ध्यानात आले. धर्म बदलला तरी पुण्याचा हिशेब तोच राहू शकतो, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय. म्हणूनच त्यांचे निवेदन केवळ धर्मांतराची हकीकत राहत नाही. ते खुद्द ख्रिस्ती वाचकांनाही अंतर्मुख करते.

कृपेवर विसंबल्याने मनुष्य निष्क्रिय होतो काय, या प्रश्नाचे उत्तरही रमाबाईंच्या पुढील कार्यात मिळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला. पुण्याजवळ केडगाव येथील मुक्ती सदन त्यातूनच वाढीस लागले. ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलरच्या उदाहरणाने प्रेरित होऊन, निधीसाठी माणसांपेक्षा ईश्वरावर भिस्त ठेवण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले. मात्र याच मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई व शिक्षण अव्याहत चालू होते आणि रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मृत्यूपूर्वी त्यांनी ते पूर्ण केले. ईश्वरावर भार टाकणे आणि अविश्रांत श्रम करणे यांत त्यांना विरोध वाटला नाही. श्रमाने स्वीकार विकत घ्यावयाचा नव्हता. स्वीकार मिळाला म्हणून श्रम करावयाचे होते.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट निराळी होती. नवा करार वाचताना त्यांना प्रथम गिरिप्रवचनाने, म्हणजे बायबलमधील सर्वांत कठोर नैतिक अपेक्षा मांडणाऱ्या भागाने, भारून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा सेतू ठरला, असे ते म्हणत. भक्ताची अपात्रता व देवाची जवळीक यांची वारकरी परिभाषा त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारा मराठी उपासनेत आणली. मिशनची नोकरी १९१७ मध्ये सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बंधुमंडळी काढली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) पुढे नेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सिद्धांतचर्चा जवळजवळ नाही. परंतु सोवळ्याओवळ्याचे संस्कार मनातून क्रमाक्रमाने गळून पडण्याची जी हकीकत तीत आहे, ती इच्छाशक्तीच्या जोरावर घडवून आणलेल्या बदलाची नाही. रागलोभ, विनोद, वियोग व सहवास यांतून नकळत झालेला तो बदल आहे. कृपा कशी कार्य करते, याचे मराठीतील हे एक उत्कृष्ट चित्रण म्हणता येईल.

भारतीय विचाराशी तुलना : कृपेची कल्पना भारतीय भक्तिपंथांना अपरिचित नाही. तमिळनाडूतील श्रीवैष्णवांत मर्कटकिशोर व मार्जारकिशोर हे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजराच्या पिलाला आई तोंडात धरून नेते. पहिल्यात भक्ताच्या प्रयत्नाला वाव आहे, दुसऱ्यात संपूर्ण शरणागती. वडकलै व तेन्कलै या उपपंथांतील हा भेद ट्रेंटची धर्मपरिषद व ल्यूथर यांच्यातील भेदाशी ताडून पाहण्यासारखा आहे. जर्मन धर्मवेत्ता रूडोल्फ ओटो (१८६९–१९३७) याने १९३० मध्ये भारतातील कृपाधर्म व ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुण्यातील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्‌निकोल (१८७०–१९५२) आणि अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट (१८५३–१९३२) यांनी मराठी संतवाङ्मयाचे इंग्रजीत अनुवाद करून या तुलनेला साधने पुरविली.

जालना परिसरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच संतकवीच्या ठायी पाहावयास मिळतात. तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे (१६०८–८१) जन्मगाव. ‘दासबोधा’त त्यांनी यत्नाचा व सावधानतेचा जितका आग्रह धरला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणा मराठी संताने धरला असेल. पण तेच रामदास ‘करुणाष्टकां’त आपल्या मनाची चंचलता व असमर्थता कबूल करून रामाची करुणा भाकतात. पेलेजियस व ऑगस्टीन यांच्या वादात जी दोन टोके समोरासमोर उभी राहिली, ती येथे एकाच साधकाच्या वाणीत नांदतात. कर्तव्याच्या क्षेत्रात यत्न आणि अंतःकरणाच्या क्षेत्रात शरणागती, अशी विभागणी अनुभवी साधकांनी बहुधा सर्वत्र केलेली दिसते.

साम्याबरोबर भेदही लक्षात घ्यावयास हवेत. भारतीय परंपरेत कृपेचा विचार प्रायः कर्म व पुनर्जन्म यांच्या चौकटीत होतो. ख्रिस्ती विचारात एकच जन्म मानलेला असल्याने कृपेचा प्रश्न अधिक निकडीचा बनतो. दुसरे असे, की ख्रिस्ती श्रद्धेनुसार ही कृपा एका ऐतिहासिक घटनेशी, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूशी व पुनरुत्थानाशी, निगडित आहे. क्षमा फुकट मिळते, पण ती स्वस्त नसते. तिचे मोल देणाऱ्याने भरलेले असते, असे ख्रिस्ती विचारवंत सांगतात.

आक्षेप व परीक्षण : कृपासिद्धांतावर तीन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला न्यायाचा. केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागत नसेल, तर नीतीचा पाया ढासळतो, असे कर्मसिद्धांत मानणाऱ्यास वाटणे साहजिक आहे. यावर असे उत्तर दिले जाते, की क्षमेने कृत्याचे ऐहिक परिणाम टळत नाहीत व झालेल्या हानीची भरपाई करण्याचे कर्तव्यही सुटत नाही. संपतो तो मनुष्य व ईश्वर यांच्यातील दुरावा.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. सर्व काही ईश्वरानेच घडविले, तर मनुष्य निव्वळ बाहुले ठरतो. पूर्वनियोजनाच्या टोकाच्या मांडणीवर हा आक्षेप लागू पडतो व अनेक ख्रिस्ती पंथांनी ती मांडणी सौम्य केली आहे. ऑगस्टीनच्या दृष्टीने मात्र प्रश्नच उलटा आहे. व्यसनाने जखडलेला मनुष्य स्वतंत्र असतो काय? त्याची बेडी तोडणारा त्याचे स्वातंत्र्य हिरावीत नाही, तर त्याला ते परत देतो. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनमुक्ती चळवळीची पहिली पायरी हीच आहे, की मद्यापुढे आपली शक्ती चालत नाही, हे व्यसनी व्यक्तीने कबूल करावे. ही चळवळ कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही. पण तिच्या उगमाशी ख्रिस्ती कृपाविचाराचा संबंध पोहोचतो. असमर्थतेची ही कबुली पराभव नसून उपचाराचा आरंभ असतो, हे या चळवळीने अनेकांच्या प्रत्ययास आणून दिले.

तिसरा आक्षेप आळसाचा. क्षमा मिळणारच, तर सुधारण्याची खटपट कशाला? हा आक्षेप पौलाच्याच काळी घेतला गेला होता आणि त्याने तो ठामपणे धुडकावला होता. विसाव्या शतकात जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बॉनहूफर (१९०६–४५) याने १९३७ मधील आपल्या ग्रंथात पश्चात्ताप व अनुसरण यांवाचून वाटल्या जाणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कडक टीका केली. नाझी राजवटीचा विरोधक म्हणून त्याला १९४५ मध्ये फाशी देण्यात आले. त्यामुळे त्याच्या टीकेस त्याच्या स्वतःच्या जीवनाचा आधार लाभला.

व्यवहारातील रूप : सामान्य ख्रिस्ती माणसाच्या जीवनात हा सिद्धांत प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, पापांगीकार व मंडळीतील सहवास यांच्या द्वारा उतरतो. यांस ‘कृपेची साधने’ म्हणतात. ही साधने म्हणजे पुण्य मिळविण्याचे उपाय नव्हेत. शेतकरी बांध घालतो, नांगरट करतो आणि पेरणीसाठी रान तयार ठेवतो. परंतु पाऊस पाडणे त्याच्या हाती नसते. पाऊस हाती नाही म्हणून तो नांगरट सोडत नाही आणि नांगरट केली म्हणून पावसावर हक्कही सांगत नाही. साधना व कृपा यांचा संबंध काहीसा असाच आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात तो निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कृपासिद्धांताचे सामाजिक व मानसिक महत्त्व दोन गोष्टींत आहे. यशस्वी माणसाला तो गर्वापासून आवरतो, कारण त्याच्या सद्गुणांचे मूळ त्याच्या एकट्याच्या कर्तृत्वात नाही, याची आठवण तो देतो. आणि वारंवार निश्चय करून वारंवार ढळलेल्या माणसाला तो निराशेपासून वाचवितो, कारण त्याचे मूल्य त्याच्या निश्चयाच्या यशावर ठरत नाही. इच्छाशक्तीला हा सिद्धांत पदच्युत करीत नाही. तिच्यावर टाकलेले पेलवण्यापलीकडचे ओझे तो उतरवितो आणि तिच्या वाट्याचे काम, म्हणजे मिळालेल्या देणगीला साजेसे जगण्याचे काम, तिच्याकडेच ठेवतो.